खिशात पिस्तूल, कडेवर मूल

अंगावर साहेबी ओव्हरकोट, डोक्यावर फेल्ट हॅट, सोबत पत्नी, मूल आणि सामान उचलायला नोकर! लाहोरहून लखनौमार्गे कलकत्त्याला निघालेल्या या ‘कुटुंबा’कडे पोलिसांनी वळूनही पाहिले नाही. पण त्यांचे रक्षण नेमके कुणी केले? कोटाने, हॅटने की आणखी कुणी?

१९२८ सालचा डिसेंबर महिना. उत्तर हिंदुस्थानात कडाक्याची थंडी पडली होती. लखनौच्या चारबाग स्थानकात कानपूरकडून येणाऱ्या गाडीतून एक तरुण जोडपे उतरले. पुरुषाच्या अंगात लांब ओव्हरकोट होता. त्याची कॉलर वर केलेली होती आणि डोक्यावर फेल्ट हॅट थोडी पुढे ओढलेली होती. शेजारी चांगले कपडे ल्यालेली त्याची पत्नी. तीन वर्षांचे एक मूल कधी हिच्या कडेवर, तर कधी त्याच्या खांद्यावर. त्यांच्या मागोमाग सामान घेऊन चाललेला नोकर. नाताळच्या सुट्टीत कलकत्त्याला निघालेली अशी कितीतरी सुखवस्तू कुटुंबे त्या दिवसांत रेल्वेने प्रवास करत असतील. कुणी त्यांच्याकडे लक्ष देण्याचे कारणच नव्हते.

आणि लक्ष जाऊ नये म्हणूनच तर हा सारा खटाटोप होता!

ओव्हरकोटातले साहेब होते भगतसिंग. सामान वाहणारा नोकर होता पुण्याजवळच्या खेड गावचा शिवराम हरी राजगुरू. दोघांच्याही अंगावर भरलेली पिस्तुले होती आणि दोघांच्याही मागावर पंजाबचे पोलीस होते. सोबतची स्त्री होती दुर्गावती व्होरा. ती भगतसिंगांचे सहकारी भगवतीचरण व्होरा यांची पत्नी. क्रांतिकारक मंडळी तिला दुर्गाभाभी म्हणत. या प्रवासात नवरा खोटा होता, नोकर खोटा होता. खरे होते ते फक्त एक नाते. आई आणि तिचे मूल!

या प्रवासाची हकिगत आपण शाळेच्या पुस्तकात एखाद्या ओळीत वाचलेली असते. ‘भगतसिंग वेष पालटून निसटले’ एवढेच त्या ओळीत असते. पण वेष पालटणे म्हणजे नुसते कपडे बदलणे असते का? शस्त्र जवळ बाळगून शेकडो लोकांमधून, पोलिसांच्या डोळ्यांदेखत, कुणाच्याही लक्षात न येता चालत जायचे, तर त्याला काय लागते? आणि त्याची किंमत कोण मोजते?

लाहोरची ती रात्र

सायमन कमिशनच्या निषेधाच्या मिरवणुकीवर ३० ऑक्टोबर १९२८ रोजी लाहोरला लाठीमार झाला. त्यात लाला लजपतराय जखमी झाले आणि १७ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. या घटनेचा सूड घ्यायचा, असे क्रांतिकारकांनी ठरवले. बरोबर एका महिन्याने, १७ डिसेंबरला, लाहोरच्या पोलीस कचेरीसमोर गोळ्या झाडल्या गेल्या. नेम होता पोलीस अधिकारी स्कॉटवर, पण बाहेर आला तो साँडर्स. पहिली गोळी राजगुरूंची होती. भगतसिंगांनीही गोळ्या झाडल्या. पाठलाग करणारा हेडकॉन्स्टेबल चननसिंग चंद्रशेखर आझादांच्या गोळीने पडला. ज्याच्यासाठी कट रचला तो वाचला होता. मेले ते दुसरेच दोघे. पिस्तुलाचे हे असेच असते. एकदा ते बाहेर निघाले की त्याचा हिशेब माणसाच्या हातात राहत नाही.

शहराच्या नाक्यानाक्यावर पहारे बसले. स्थानकावर लाहोरबाहेर जाणाऱ्या तरुणांवर विशेष नजर ठेवण्यात आली. शहरात लपून राहणे धोक्याचे होते आणि बाहेर पडणे त्याहून धोक्याचे.

अशा वेळी सुखदेव दुर्गाभाभींच्या घरी गेले. भगवतीचरण तेव्हा काँग्रेसच्या अधिवेशनासाठी कलकत्त्याला होते. घरी दुर्गाभाभी आणि छोटा शची असे दोघेच. दुर्गाभाभी लाहोरला शिक्षिकेचे काम करत. जवळ काही पैसे आहेत का, असे सुखदेवांनी विचारले. पतीने घरखर्चासाठी ठेवलेले पाचशे रुपये त्यांनी काढून दिले. मग खरा प्रश्न आला. एका माणसाला लाहोरबाहेर काढायचे आहे, त्याची पत्नी म्हणून सोबत जाल का?

आज हा प्रश्न वाचताना त्याचे वजन कदाचित आपल्या लक्षात येणार नाही. १९२८ साल होते. नवरा परगावी. त्याला विचारायला सवड नाही. परपुरुषाची बायको म्हणून दोन दिवस आगगाडीतून प्रवास करायचा. पकडले गेले तर तुरुंग तर आहेच, शिवाय लोक काय बोलतील ते वेगळेच. दुर्गाभाभी तेव्हा अवघ्या एकवीस वर्षांच्या होत्या. त्यांचा जन्म ऑक्टोबर १९०७ चा आणि भगतसिंगांचा त्याच सालच्या सप्टेंबरचा. म्हणजे ज्याला त्या दीर मानत होत्या, तो त्यांच्याच वयाचा होता.

त्यांनी होकार दिला.

साहेब, मडम आणि नोकर

पहाटेची गाडी ठरली. तोवर भगतसिंगांचे रूप पार बदलले होते. शीख तरुणाची ओळख म्हणजे फेटा, केस आणि दाढी. त्यांतले काहीच आता उरले नव्हते. गुळगुळीत दाढी केलेला चेहरा, ओव्हरकोट आणि हॅट. कोटाची वर केलेली कॉलर खालून आणि हॅटची किनार वरून चेहरा झाकत होती. थंडीच्या दिवसांत त्यात कुणाला वावगे वाटण्याचा प्रश्नच नव्हता. उरलेला चेहरा झोपलेल्या शचीच्या डोक्याआड गेला. मूल खांद्यावर घेतलेल्या बापाच्या तोंडाकडे कोण निरखून पाहतो?

या वेषात एक आणखी गंमत होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हिंदी माणसाला गुन्हा ठरवले होते. युरोपियनांना मात्र बराच काळ या कायद्यातून सूट होती. त्यामुळे साहेबी पोशाख म्हणजे नुसती ऐट नव्हती, तो अधिकाराचा पोशाख होता. हॅट घातलेल्या माणसाला शिपाई आधी सलाम ठोकतो आणि नंतर, सवड मिळालीच तर, विचार करतो. सरकारने हिंदी माणसाच्या मनात साहेबाची जी भीती इतकी वर्षे रुजवली होती, तिचाच आडोसा करून सरकारला हवा असलेला माणूस त्याच्या शिपायांसमोरून निघून गेला.

साहेबाला साजेसा प्रवासही हवा. म्हणून साहेब आणि मडम यांची तिकिटे पहिल्या वर्गाची, तर नोकराचे तिसऱ्या वर्गाचे. राजगुरूंच्या वाट्याला आलेली ही भूमिका सोपी नव्हती. बनारसला जाऊन संस्कृत शिकलेला आणि आखाड्यात घुमलेला हा वीस वर्षांचा मराठी तरुण. साँडर्सवर पहिली गोळी झाडणारा. पण स्थानकात शिरताच त्याने मान खाली घातली, सामान उचलले आणि साहेबाच्या दोन पावले मागून चालू लागला. नोकराच्या चेहऱ्याकडे कुणी पाहत नाही. आपल्या समाजाची ही वाईट खोड त्या दिवशी कामी आली! ज्याच्याकडे सगळे आदराने पाहतात तो एक, आणि ज्याच्याकडे कुणीच पाहत नाही तो दुसरा. दोघेही सारखेच सुरक्षित होते.

तिकडे आझादांनी वेगळाच मार्ग धरला. मथुरेला निघालेल्या यात्रेकरूंच्या मेळ्यात पंडिताच्या वेषात ते लाहोरबाहेर पडले. त्यांना या कलेचा सराव होता. काकोरीच्या खटल्यात ते फरारी होते, तेव्हा झाशीजवळ ओरछाच्या जंगलात सातार नदीकाठी हरिशंकर ब्रह्मचारी या नावाने ते राहत होते. आसपासच्या मुलांना शिकवत होते. तिथे त्यांच्यावर कुणी संशय घेतला नाही, याचे कारण केवळ भगवी वस्त्रे नव्हेत. ब्रह्मचाऱ्याने जसे राहावे तसे ते खरोखर राहत होते.

लखनौची जुनी आठवण

लाहोरहून निघालेल्या या तिघांनी थेट कलकत्त्याचे तिकीट काढले नाही. लाहोरहून येणाऱ्या थेट गाडीवर हावड्याला गुप्त पोलिसांची नजर असते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून आधी कानपूर, तिथून गाडी बदलून लखनौ आणि लखनौहून हावडा असा बेत आखला गेला.

लखनौ हे क्रांतिकारकांच्या दृष्टीने काही साधे शहर नव्हते. तीनच वर्षांपूर्वी, ९ ऑगस्ट १९२५ रोजी, याच शहराजवळ काकोरी येथे सहारनपूरहून लखनौला येणारी गाडी साखळी ओढून थांबवण्यात आली होती आणि सरकारी खजिना लुटला गेला होता. रामप्रसाद बिस्मिल हे त्या कटाचे नायक होते. त्या वेळीही वेष आणि शस्त्र यांचा मेळ घालण्यात आला होता. दहा जणांपैकी अश्फाकउल्ला खान, राजेंद्रनाथ लाहिडी आणि शचींद्रनाथ बक्षी हे तिघे दुसऱ्या वर्गाच्या डब्यात बसले आणि बाकीचे तिसऱ्या वर्गात पांगले. जर्मन बनावटीची माउझर पिस्तुले अंगावर होती. पण साखळी ओढली जाईपर्यंत ते सगळे चारचौघांसारखेच उतारू होते. त्या गडबडीत अहमद अली नावाचा एक प्रवासी गोळी लागून मरण पावला. तो बिचारा बायकोला पाहायला डब्याबाहेर पडला होता, असे सांगतात.

पैसे चादरींत बांधून मंडळी अंधारात लखनौत शिरली. पण गडबडीत एक चादर जागेवरच राहिली.

त्या चादरीच्या कोपऱ्यावर धोब्याची खूण होती! कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून धोबी शाईने करतात ती साधी खूण. पोलिसांनी ती घेऊन शोध सुरू केला. खूण शहाजहानपूरची निघाली. तिथल्या धोब्यांकडे चौकशी करता करता पोलीस बिस्मिल यांच्या परिचयाच्या माणसापर्यंत जाऊन पोचले. पुढच्याच महिन्यात ठिकठिकाणी धरपकड झाली. खटला लखनौलाच चालला. हजरतगंजमधल्या ज्या रिंग थिएटरमध्ये न्यायालय भरत असे, तिथे आज लखनौचे मुख्य टपाल कार्यालय आहे. डिसेंबर १९२७ मध्ये बिस्मिल, अश्फाकउल्ला, रोशनसिंह आणि लाहिडी फासावर गेले.

पिस्तुले लपवण्याची एवढी काळजी घेतलेली. पण घात केला तो एका चादरीने आणि धोब्याच्या ठिपक्याने! कपडे माणसाला लपवतात हे खरे. पण तेच कपडे त्याचे गाव, त्याचा धोबी, त्याचे घर सारे काही सांगूनही टाकतात. काकोरीला जे कपड्याने गमावले, तेच त्यानंतर तीन वर्षांनी कपड्याने कमावले. फरक एवढाच, की या वेळी नुसता कपडा नव्हता. त्याच्या आत एक अख्खे कुटुंब होते.

भुसावळची पेटी

कुटुंब नसले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. झाशीचे भगवानदास माहौर आणि सदाशिवराव मलकापूरकर हे आझादांचे विश्वासू सहकारी. सप्टेंबर १९२९ मध्ये हे दोघे पिस्तुले आणि बॉम्बचे साहित्य घेऊन अकोल्याकडे निघाले होते. भुसावळला गाडी बदलायची होती. तिथे त्यांना अडवले ते गुप्त पोलिसांनी नव्हे, तर अबकारी खात्याच्या माणसांनी! त्यांना सामान तपासायचे होते. बायकामुले सोबत नसलेले दोन तरुण आणि त्यांचे सामान. एवढ्यावरून संशय येण्यासारखा तो काळ होता. शस्त्रे सापडली, दोघे पकडले गेले. पुढे फेब्रुवारी १९३० मध्ये जळगावच्या न्यायालयात माहौर यांनी माफीच्या साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या आणि हे प्रकरण देशभर गाजले.

त्याच्याही आधी, डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे कपड्यांत ब्राउनिंग पिस्तूल लपवून बसले होते. कलेक्टर जॅक्सन ‘शारदा’ नाटक पाहायला आला तेव्हा त्यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये लंडनला मदनलाल धिंग्रा समारंभाच्या पोशाखात इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्ये गेले होते. नाटकाला जायचे तर प्रेक्षकासारखे दिसायचे आणि मेजवानीला जायचे तर पाहुण्यासारखे. नियम साधाच आहे. जिथे जायचे तिथल्या माणसांहून वेगळे दिसायचे नाही.

पण कान्हेरे आणि धिंग्रा यांना परत यायचे नव्हते. भगतसिंग आणि राजगुरू यांना जायचे होते, तेही शेकडो मैल, दोन दिवस, गाड्या बदलत. एखादा तास अंगावरचा पोशाख पुरतो. दोन दिवस केवळ पोशाख पुरत नाही. डब्यात शेजारी बसलेला माणूस बोलतो, तिकीट तपासनीस येतो, मूल रडते, त्याला दूध हवे असते, झोप हवी असते. तिथे साऱ्या संसाराचेच सोंग हवे. आणि ते सोंग वठवू शकते ती घरातली बाई. भगतसिंगांचा कोट कुणी शिवला याची नोंद इतिहासात नाही. पण त्या कोटाखालचे पिस्तूल लपवले ते दुर्गाभाभींच्या वागण्याने. ही बाई पत्नीसारखी सहज वागते आहे, तिचे मूल त्या पुरुषाच्या खांद्यावर निर्धास्त झोपले आहे. मग तो तिचा नवरा नाही, असे कोणत्या शिपायाला वाटेल?

लखनौहून गेलेली तार

लखनौला या ‘कुटुंबा’ची फाटाफूट झाली. राजगुरू इथून बनारसकडे निघून गेले. साहेब, मडम आणि मूल हावड्याच्या गाडीत बसणार होते. त्याआधी लखनौहून कलकत्त्याला सुशीलादीदींच्या नावे एक तार गेली. आपण भावासोबत येत आहोत, असा तिचा आशय होता.

जगासमोर जो नवरा होता, तो तारेत भाऊ झाला! खरे नाते तारेत उतरले आणि तेही कुणाला न कळता. हावड्याला भगवतीचरण आणि सुशीलादीदी त्यांना घ्यायला आले होते. भगवतीचरण यांना काय झाले ते कळले तेव्हा ते रागावले नाहीत. उलट पत्नीच्या धैर्याचे त्यांनी कौतुकच केले. लाहोरच्या त्या रात्री दुर्गाभाभींनी जे गृहीत धरले होते, ते खरे ठरले. नवऱ्याला न विचारता निर्णय घेताना त्यांना नवऱ्याची ओळख पुरेपूर होती.

त्या मुलाचे काय?

या हकिगतीत एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. पहारेकऱ्याला संशय आला असता तर? एकाने जरी हॅट उचलायला लावली असती, तर ओव्हरकोटाच्या खिशातले पिस्तूल बाहेर आले असते. समोरूनही गोळ्या सुटल्या असत्या. आणि त्या दोहोंच्या मधोमध, खांद्यावर, तीन वर्षांचा शची झोपलेला होता.

दुर्गाभाभींना हे कळत नव्हते असे कसे म्हणावे? त्या काही केवळ शूर पत्नी नव्हत्या. त्या क्रांतिकारकांच्या कामात स्वतः सहभागी होत्या. पिस्तूल म्हणजे काय हे त्या जाणून होत्या. मुलाला लाहोरला कुणाकडे ठेवून त्या निघाल्या असत्या, तर त्याला धोका नव्हता. पण मग ते कुटुंब ‘कुटुंब’ वाटले नसते. एक तरुण आणि एक तरुणी एवढेच उरले असते आणि त्या काळात तेवढे संशयाला पुरेसे होते. म्हणजे सोंगातला सर्वांत महत्त्वाचा धागा ते मूलच होते. ज्याला यातले काहीही कळत नव्हते आणि ज्याला कुणी विचारलेही नव्हते, त्याच्यावर सारी भिस्त होती.

हे योग्य होते का? याचे उत्तर देणे सोपे नाही. देशासाठी बाहेर पडलेल्या पुरुषांच्या त्यागाची मोजदाद आपण करतो. पण आईने स्वतःच्या मुलाला पणाला लावले, त्याचे मोजमाप कोणत्या तराजूत करायचे? दुर्गाभाभींच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिले की एवढे मात्र समजते, की त्या रात्रीचा निर्णय त्यांनी क्षणिक आवेशात घेतला नव्हता. त्याचे मोल त्यांनी पुढे वर्षानुवर्षे चुकते केले.

मुखवटाच चेहरा झाला

एप्रिल १९२९ मध्ये दिल्लीच्या काश्मिरी गेटजवळच्या एका स्टुडिओत भगतसिंगांनी छायाचित्र काढून घेतले. त्यानंतर लगेच, ८ एप्रिलला, त्यांनी आणि बटुकेश्वर दत्त यांनी मध्यवर्ती विधिमंडळात बॉम्ब टाकले आणि पळून न जाता स्वतःला अटक करवून घेतली. त्या छायाचित्रात त्यांच्या डोक्यावर तशीच फेल्ट हॅट आहे. ओळखू येऊ नये म्हणून जी हॅट घातली, तीच पुढे त्यांची ओळख झाली. आज गावोगावच्या चौकांत, शाळांत, रिक्षांच्या पाठीमागे लावलेले भगतसिंग याच हॅटमधले असतात!

राजगुरू १९२९ च्या सप्टेंबरअखेर पुण्यात पकडले गेले. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांना फाशी झाली. त्यांच्या खेड गावाला आज आपण राजगुरुनगर म्हणतो.

दुर्गाभाभींच्या वाट्याला फाशी आली नाही. त्यांच्या वाट्याला जगणे आले. २८ मे १९३० रोजी रावीच्या काठी बॉम्बची चाचणी घेताना भगवतीचरण यांचा मृत्यू झाला. पतीचे अंत्यदर्शनही त्यांना घडले नाही. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला भगतसिंगांना फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि लगेच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका मोटारीतून गोळीबार झाला. सार्जंट टेलर आणि त्याची पत्नी त्यात जखमी झाले. त्या मोटारीत दुर्गाभाभी होत्या. म्हणजे दोन वर्षांपूर्वी ज्यांनी दुसऱ्याचे पिस्तूल आपल्या संसाराआड लपवले होते, त्यांच्याच हातात आता पिस्तूल होते. आणि जखमी झाली ती दुसऱ्या कुणाची तरी बायको. पुढे त्या भूमिगत झाल्या. मालमत्ता जप्त झाली. १९३२ मध्ये लाहोरला तुरुंगवास घडला.

सुटका झाल्यावर त्यांनी गाझियाबादला मुलींच्या शाळेत शिकवले. मग मद्रासला जाऊन माँटेसरी पद्धतीचे शिक्षण घेतले. आणि १९४० मध्ये त्या एका शहरात आल्या, जिथे एकदा, काही तासांपुरत्या, त्या साहेबाची मडम म्हणून उतरल्या होत्या. ते शहर म्हणजे लखनौ!

शाळेतल्या बाई

कँटोन्मेंट रोडवरच्या एका घरात पाच मुले घेऊन त्यांनी माँटेसरी शाळा सुरू केली. लहान मुलांनी लाकडी ठोकळे रचावेत, रंग ओळखावेत, स्वतःची चटई स्वतः गुंडाळून ठेवावी, अशी ती शाळा. त्या काळच्या लखनौला हा प्रकार नवाच होता. शाळा हळूहळू वाढत गेली. पुढे तिची स्वतःची इमारत झाली आणि ती लखनौ माँटेसरी इंटर कॉलेज म्हणून ओळखली जाऊ लागली.

स्वातंत्र्य आले. अनेकांना पदे मिळाली, मानमरातब मिळाले. दुर्गाभाभी शाळेतच राहिल्या. लखनौच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसत होत्या त्या फक्त शाळेतल्या बाई. साध्या कपड्यांतल्या, वयाने वाढत चाललेल्या. मुलांना हात धरून वर्गात नेणाऱ्या या बाईंनी एकेकाळी एका भरलेल्या पिस्तुलाशेजारी बसून दोन दिवस प्रवास केला होता, हे सांगितले असते तरी अनेकांना खरे वाटले नसते. लोकांत मिसळून जाण्याचे जे सोंग त्यांनी तरुणपणी घेतले होते, ते आता सोंग उरले नव्हते. पिस्तूल केव्हाच गेले होते. मुले मात्र त्यांनी कडेवरून कधी खाली उतरवली नाहीत.

लखनौला गेलात तर चारबाग स्थानक पाहायला विसरू नका. लाल-पांढऱ्या रंगाची, घुमट आणि कमानी असलेली ही भव्य इमारत १९२८ मध्ये नवीकोरी होती. आज प्रवेशद्वाराशी सामान तपासणारी यंत्रे आहेत आणि पोलीसही पुष्कळ आहेत. तरीही एखादे कुटुंब, बाप पुढे, आई मागे, झोपलेले मूल खांद्यावर, असे आत शिरले की पहारेकऱ्याची नजर क्षणभर मवाळ होते. कुटुंबाविषयी माणसाच्या मनात असलेला हा विश्वास सरकारे बदलली तरी बदललेला नाही.

१९८३ च्या सुमारास दुर्गाभाभींनी लखनौ सोडले आणि त्या गाझियाबादला मुलाकडे राहायला गेल्या. १५ ऑक्टोबर १९९९ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या ९२ वर्षांच्या होत्या.

तो मुलगा म्हणजे शची. लाहोरच्या त्या पहाटे ज्याच्या झोपलेल्या डोक्याआड एका फरारी माणसाचा चेहरा लपला होता, त्याच मुलाच्या आडोशाला त्याच्या आईचे अखेरचे दिवस सुखात गेले.